त्रेपन्न वजा सत्तावीस

तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५३ − २७ लिहिलं की उत्तरं साधारण चार येतात: २६, ३४, ३६ आणि १६. पहिलं बरोबर, म्हणून त्यात बघण्यासारखं फारसं काही नाही. उरलेली तीन मात्र नीट वाचावी लागतात. हातच्याच्या वजाबाकीचा अख्खा आठवडा खरं तर त्या तिघांचाच असतो.

नवी मुंबईत कोपरखैरणे-घणसोलीकडच्या शाळांत आठवड्यातली पहिली वजाबाकी सोमवारी हजेरीतच होऊन जाते. पट तीस, त्यातून गावाला गेलेले वजा. आणि नेमक्या सोमवारीच काड्या निघतात. तो दिवस ज्याचा बुडाला, त्याच्यासाठी हातचा म्हणजे पुढे कित्येक महिने आकड्याच्या डोक्यावर काढायची एक बारीक रेघ.

काड्या आईस्क्रीमच्या चालतात, खराट्याचे हीरही चालतात. दोघांत एक संच धरला तर तीस मुलांना पंधरा संच लागतात. एका संचात दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या, म्हणजे सगळ्या मिळून ७९५. हीर फुकट मिळतात, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. शिवाय हीर मोडला की मुलं दोन तुकडे दोन म्हणून मोजतात, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक काय? गठ्ठे आदल्या दिवशी पुन्हा मोजून ठेवायचे. नवाचा एखादा गठ्ठा घुसला तर मुलांनी सगळं बरोबर करूनही उत्तर एकाने चुकतं. दोऱ्याने तर बांधूच नयेत. गाठी सोडवण्यात तासिका संपते. रबरबँडच हवेत. त्यातले काही बाकाखालून उडणार, त्याला इलाज नाही.

मग सांगायचं, सत्तावीस काड्या बाजूला काढा. मुलं दोन गठ्ठे पटकन उचलतात. आता सात सुट्या हव्यात आणि समोर आहेत तीन. इथे वर्ग अडतो, आणि अडू द्यावा. शिकवणाऱ्याच्या जिभेवर वाक्य आलेलं असतं, ते गिळायचं. काही मुलं शेजारच्या बाकावरून चार काड्या मागून आणतात. उसनवारीचा हा अर्थ मुलांना घरून पक्का माहीत असतो, म्हणून या दिवशी ‘उसने घे’ हा शब्द टाळलेला बरा. उसनं घेतलेलं परत करावं लागतं, इथे कुणी काही परत करत नाही. शेवटी कुठून तरी आवाज येतो, ‘बाई, हा सोडू का?’ रबर निघतो, दहा काड्या बाकावर पसरतात. तीन आणि दहा तेरा, त्यातल्या सात गेल्या, सहा राहिल्या. गठ्ठे दोन. सव्वीस.

नोटांनी सुरुवात का करू नये? ‘सुट्टे द्या’ हे तर शेअर रिक्षात रोज कानावर पडतं. पण दहाची नोट उघडून दाखवता येत नाही, ती कुणाकडून तरी बदलूनच घ्यावी लागते. गठ्ठ्याच्या पोटात दहा काड्या डोळ्यांना दिसतात. नोटा शनिवारी.

मंगळवारी वही निघते आणि मराठी आडवी येते. ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं, ३५. सत्तावीसचे तसेच ७२. आता पस्तिसातून बहात्तर काढायला बसलेल्या मुलाला गणित येत नाही असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला गणितच मिळालेलं नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा विधानसभेपासून घरातल्या व्हॉट्सॲपपर्यंत भरपूर विनोद झाले. त्रेपन्न हा शब्द जावा असं कुणालाच वाटत नाही. पण ज्यांनी तिसरीच्या वह्या तपासल्या आहेत, त्यांना त्या विनोदांवर जरा कमीच हसू आलं असेल. एकोणतीस तर आणखी पुढचं. कानावर ‘तीस’ पडतं म्हणून ३९ लिहिला जातो. खरं तर हा शब्द स्वतःच एक वजाबाकी आहे: एकाने ऊन, म्हणजे एकाने कमी, तीस. हे एकदा कळलं की मुलं एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत धावत जातात आणि पुढे ‘एकोणशंभर’ म्हणून मोकळी होतात. तिथे नव्व्याण्णव का, याला वर्गात तरी उत्तर नाही.

वही चौकटींची, एका चौकटीत एक अंक. खोडरबर दप्तरात. खोडलेलं उत्तर म्हणजे पुसलेला माग. चुकलं तर एक तिरकी रेघ आणि शेजारी नवं गणित, एवढं पुरतं. पाटी या कामाला निरुपयोगी, ती लगेच तळव्याने पुसली जाते.

बुधवारी काड्या कपाटात जातात आणि ती तीन उत्तरं बाहेर येतात. ३४ वाल्याने सातातून तीन काढले, पाचातून दोन काढले. लहानातून मोठं जात नाही हे त्याला कधीतरी ठासून सांगितलेलं असतं, म्हणून त्याने सोयीने वरचा खाली केला. याला रेघ मारायला शिकवून उपयोग नाही, परत काड्यांकडे न्यावं लागतं. ३६ वाला खूप पुढे आहे. त्याने तेरा केले, त्यातून सात काढले, फक्त पाचाचा चार करायचा राहिला. त्याला एवढंच विचारायचं, ‘सोडलेला गठ्ठा अजून तिथेच आहे का?’ बहुतेक वेळा उत्तर न देता तो पेन्सिल उचलतो. दोघांच्या वहीत फुली सारखीच पडते. तेवढं एक वाईट वाटतं.

आणि १६? ते घरून येतं.

या भागात साताऱ्याकडून आलेली माथाडी कुटुंबं पुष्कळ. बाजार समितीत गोण्या मोजण्यात आयुष्य गेलेले आजोबा संध्याकाळी नातवाला वही घेऊन बसवतात. त्यांची रीत जुनी: तिनातून सात जात नाहीत, तेरातून सात गेले सहा, हातचा एक. तो एक खालच्या दोनात, झाले तीन, पाचातून तीन गेले दोन. सव्वीस. चोख उत्तर. शाळेची रीत वेगळी: वरच्या पाचातला एक दशक सुटा केला, राहिले चार, चारातून दोन गेले दोन. नातू दोघांनाही दुखवत नाही. वरच्या पाचाचा चार करतो, खालच्या दोनाचा तीन करतो. चारातून तीन गेला एक. सोळा. उत्तर बरोब्बर दहाने कमी आलं की समजावं, घरात कुणीतरी मन लावून शिकवतंय.

आजोबांची रीत चूक नाही, आणि वर्गात तसं म्हणूही नये. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले, खालच्या संख्येत एक दशक मिळवला. दोन्ही दहानेच वाढल्या, म्हणून फरक तोच राहिला. बाप-लेकांचं वय दहा-दहा वर्षांनी वाढवा, अंतर बदलतं का? पण आठ वर्षांच्या मुलाला ही रीत काड्यांत दाखवणं कठीण. वरच्या दहा काड्या आल्या कुठून, हे तो विचारणारच. म्हणून त्याला एकच सांगायचं: एका गणितात एकच रीत. आजोबांची धरलीस तर शेवटपर्यंत आजोबांची.

गुरुवारी ५० − २७. शून्यातून सात काढताना कुणी सातच लिहितं, कुणी शून्य. ३७ आणि ३०. पुन्हा काड्या, फक्त या वेळी सुटी एकही नसते, त्यामुळे गठ्ठा सोडण्यावाचून गत्यंतर नाही. तीनपेक्षा शून्य सोपा, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. ताळाही याच दिवशी. उत्तरात २७ मिळवून पाहायचे, ५० आले पाहिजेत. काही हुशार मंडळी बेरीज न करताच खाली ५० लिहून देतात. ताळा जमला, गणित चुकलं.

शुक्रवारी आकड्यांना शब्द लागतात आणि वर्गात तो सनातन प्रश्न उठतो: ‘बाई, बेरीज की वजाबाकी?’ लोकलच्या डब्यात ५३ माणसं होती, रबाळे स्टेशनला २७ उतरली, किती राहिली? यावर हात भराभर वर जातात, कारण ‘राहिली’ हा शब्द ओळखीचा आहे. मग विचारावं, एका डब्यात ५३ आणि दुसऱ्यात २७, तर पहिल्यात कितीने जास्त? ‘जास्त’ ऐकताच अर्धा वर्ग ८० लिहितो. शब्द हेरून गणित सोडवायची सवय इथे उघडी पडते. उपाय साधा आहे: दोन्ही डब्यांतली माणसं काड्यांनी एकाखाली एक मांडायची आणि जोड्या लावायच्या. ज्यांना जोडी मिळाली नाही, ते उत्तर.

शनिवारी अर्धी शाळा, त्यात दुकान. खोट्या नोटा, दहाच्या आणि एकाच्या. गल्ल्यावर बसायला सोमवारी गैरहजर असलेलं पोर निवडावं; दर गिऱ्हाइकाला त्याला दहाची नोट बदलून द्यावी लागते, आणि सोमवारचा बुडालेला धडा तासाभरात त्याच्याकडून दहा-बारा वेळा होऊन जातो.

दुकान उठल्यावर काड्या पुन्हा बांधायच्या. दर वेळी चार-पाच कमीच भरतात. या खेपेला गठ्ठ्यांचेही गठ्ठे बांधायचे, दहाचे दहा मिळून शंभराचा एक. त्याला साधा रबर पुरत नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी बसते. सोमवारी फळ्यावर ५०३ − २७ आहे. तीन सुट्या, दशकाच्या घरात एकही गठ्ठा नाही, आणि सात काढायचे आहेत.