आधी माप, मग अर्थ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण मागितली आहे. माझी आठवण म्हणजे पवित्र शास्त्राच्या तासाला लागलेली एक सवय. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मंदिर आलं की आधी माप बघायचं, अर्थ नंतर.

अकराव्या अध्यायात दर्शन पाहणाऱ्या योहानाला मोजायला काठीसारखा बोरू मिळतो. मंदिर, वेदी आणि आत उपासना करणारे मोज. बाहेरचं अंगण सोडून दे, परराष्ट्रीय पवित्र नगर ४२ महिने तुडवतील, अशी आज्ञा होते. आता माणसं बोरूने कशी मोजणार? जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४०व्या अध्यायात, बोरू सहा हातांचा, त्यातला प्रत्येक हात नेहमीपेक्षा चार अंगुळं मोठा, आणि माप अगदी दाराच्या उंबरठ्याचंसुद्धा. योहानाकडे बोरू आहे, पण आकडा एकही नाही. मोजणं म्हणजे इथे राखून ठेवणं. ग्रीक शब्दही 'नाओस', म्हणजे गाभारा. अख्ख्या आवाराचा 'हिएरॉन' या पुस्तकात एकदाही येत नाही.

गडबड होते ती बहुधा ४२ महिन्यांपाशी. ४२ गुणिले ३० म्हणजे १२६० दिवस, म्हणजेच दानीएलाच्या पुस्तकातले साडेतीन काळ (वर्षं). मुदत एकच, पण तीन वेगळ्या मुदती धरल्या की कालपत्रक लांबतच जातं. हे यरुशलेमेचं दगडी मंदिर समजायचं की मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, हा वाद खरा आहे. रोमनांनी ते मंदिर इ.स. ७० मध्ये पाडलं, आणि पुस्तक त्याआधीचं की नंतरचं यावर बरंच अवलंबून आहे. मला मंडळी हा अर्थ पटतो.

मराठी वाचकाची एक अडचण खास आपली. निर्गमाच्या पुस्तकात 'दीपवृक्ष', प्रकटीकरणात 'समया'. निर्गमाच्या ग्रीक भाषांतरात आणि प्रकटीकरणात शब्द एकच, 'लुख्निया'. समई म्हटली की देव्हारा डोळ्यांपुढे येतो आणि निवासमंडपाशी, म्हणजे निर्गमातल्या उपासनेच्या तंबूशी, असलेला धागा तुटतो. त्या सात समया म्हणजे सात मंडळ्या, हे पहिल्याच अध्यायात सांगितलेलं आहे.

प्रकटीकरणाच्या शेवटी येणारं नगर १२,००० स्टेडिया (लांबीचं ग्रीक माप) लांब, तेवढंच रुंद, तेवढंच उंच. त्याचे किलोमीटर काढत बसलं (सुमारे २,२०० होतात) की आकार निसटतो. हा घन आहे. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, म्हणजे सगळ्यात आतला गाभारा, हेही घनच होतं, २० हात लांब, २० रुंद, २० उंच. म्हणजे अख्खं नगरच गाभारा झालं, आणि त्यात वेगळं मंदिर योहानाला दिसत नाही. यहेज्केलाचं पाणी मंदिराच्या उंबरठ्याखालून निघतं, योहानाची नदी राजासनापासून. उंबरठा तिथे उरलेलाच नसतो.