जाळीला पडलेलं भोक

सकाळी कड्यावर पोचलो तेव्हा पहिली नजर झाडाभोवतीच्या जाळीवर गेली. रात्रभर वारा झोडपत होता. दोरीजवळची शिवण उसवून वीतभर भोक पडलं होतं. माझ्या पोटात खड्डाच पडला.

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर तेव्हा विमानतळ नव्हता. केप टाऊनहून पाच दिवस बोटीने आले होते मी, या एका झाडासाठी. बास्टर्ड गमवुड. कूळ शेवंतीचं, सूर्यफुलाचं, पण हे चांगलं लाकडी खोडाचं झाड. जात संपली असंच सगळे धरून होते. 1982 मध्ये एक झाड सापडलं, 1986 मध्ये तेही वाऱ्याने पाडलं. मग 2009 मध्ये कड्याला चिकटलेलं हे दिसलं. रानातलं एकुलतं एक.

माझं काम कुंचल्याचं. आमच्या सीताफळाच्या बागेत आई भल्या पहाटे कुंचल्याने परागीभवन करायची, तिच्याकडूनच हात बसलेला. पण सीताफळाला पराग दिले की फळ धरतं. हे झाड स्वतःचे पराग सहसा घेतच नाही, आणि दुसरं झाड आणायचं कुठून? म्हणून याच्याच एका फुलातले पराग दुसऱ्यावर, पुन्हा पुन्हा. बिया ढीगभर मिळतात, चिमट्याने दाबल्या की बहुतेक पोकळ.

जाळी किडे आत येऊ नयेत म्हणून होती. बेटावर गमवुडच्या दुसऱ्या जाती आहेत आणि त्यांचे पराग या झाडाला चालतात. तशी बी भरते, पण रोप संकराचं निघतं. म्हणजे छान टपोरी बी दिसली की आधी शंका घ्यायची. मला या कामातलं सर्वांत जड वाटलं ते हेच.

सोबतचे काका याच बेटावर जन्मलेले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मीच म्हटलं, "मिटलेल्या कळ्या राहू देऊ. सुकलेली फुलंही. काल उघडी होती तेवढीच काढू."

"किती?"

मी दोऱ्याच्या खुणा मोजल्या. एकेचाळीस.

"कापा," ते म्हणाले आणि पिशवी धरून उभे राहिले. एकेक पांढरं फूल त्यात पडत होतं. तीन आठवड्यांत एवढा बहर पहिल्यांदाच आला होता. माझे डोळे भरून आले, वाऱ्यामुळे नव्हे.

मग काकांनी सुई-दोरा काढून शिवण दुहेरी घातली. दुपारी दोन कळ्या उमलल्या. मी कुंचला स्पिरिटमध्ये धुतला, उन्हात वाळवला आणि जाळीत शिरले.