पिचरच्या नावापुढचा डब्ल्यू

अमेरिकेतला संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. पुण्यात त्या वेळी उठून बेसबॉल बघणारे थोडे, आणि त्यातले बहुतेक क्रिकेटमधून आलेले. त्यामुळे स्कोअरकार्डवर पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावापुढे ‘डब्ल्यू’ दिसला की आधी विकेटच आठवते. हा डब्ल्यू ‘विन’चा आहे, आणि या खेळातला सगळ्यात फसवा आकडाही तोच.

तो मिळतो कसा ते आधी बघू. सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान ५ इनिंग (एक इनिंग म्हणजे समोरच्या संघाचे तीन आऊट) टाकायला हव्यात, तो थांबेपर्यंत संघाने आघाडी घेतलेली हवी आणि ती शेवटपर्यंत टिकायला हवी. ८-० अशी आघाडी आहे, पण पिचर पाचव्या इनिंगमध्ये दोन आऊट करून बाहेर आला, तर त्याच्या हाती काही नाही. सहा रन देऊन पाच इनिंग पूर्ण केल्या आणि त्याच्या फलंदाजांनी नऊ काढले, तर विन पक्का. गंमत म्हणजे नंतर आलेल्या रिलीव्हरने, म्हणजे बदली पिचरने, आघाडी घालवली आणि पुढच्याच खेपेला संघाने ती परत मिळवली, तर बऱ्याचदा विन त्या घालवणाऱ्यालाच जातो!

आता विक्रमांकडे. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या चार्ली ‘ओल्ड हॉस’ रॅडबर्नने एका मोसमात ६० सामने जिंकले. काही पुस्तकांत ५९ दिसतील. भांडण एकाच सामन्याचं आहे. सायक्लोन मिलरने पहिल्या ५ इनिंग टाकून आघाडी सोपवली, उरलेल्या रॅडबर्नने टाकल्या. तेव्हाच्या स्कोअररने विन रॅडबर्नला दिला, आजच्या नियमाने तो मिलरचा. माझ्या मते ५९ च धरावेत, कारण दोन काळांची तुलना करायची तर माप एकच हवं. अर्थात तेव्हाचा खेळही वेगळाच होता. पिचर ५० फुटांवरून टाकायचा, आजचं ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ मध्ये आलं. शिवाय त्या मोसमात संघातला दुसरा मोठा पिचर चार्ली स्वीनी मध्येच बाहेर पडला आणि रॅडबर्न जवळजवळ रोज टाकत राहिला. ७३ स्टार्ट, म्हणजे त्याने सुरुवात केलेले सामने, आणि ७३ च्या ७३ स्वतः संपवलेले.

विसाव्या शतकापासूनचा विक्रम जॅक चेस्ब्रोचा. १९०४ मध्ये न्यूयॉर्क हायलँडर्ससाठी ५१ स्टार्ट आणि ४१ विन. हत्यार स्पिटबॉल, म्हणजे थुंकीने ओला केलेला चेंडू. हवेत तो अचानक खाली पडतो, पण बोटांतून निसटला की कुठे जाईल याचा भरवसा नाही. १० ऑक्टोबरला बॉस्टनविरुद्ध नववी इनिंग, २-२ बरोबरी, दोन आऊट, लू क्रिगर तिसऱ्या बेसवर. चेस्ब्रोचा चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेला, क्रिगर घरी आला, म्हणजे रन झाला, आणि विजेतेपद बॉस्टनला. चेस्ब्रो म्हटलं की लोकांना हा एकच चेंडू आठवतो, हा अन्यायच.

विक्रम दुसऱ्यांच्या हातात कसा असतो हे पुण्याला सांगायला नको. १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद असताना काठियावाडने सामनाच सोडला. ब्रॅडमनच्या ४५२ शी बरोबरीला ९ धावा कमी होत्या.

विनचा आकडा वाचताना शेजारचे लॉस (पिचरच्या नावावर लागलेला पराभव), स्टार्ट आणि इनिंग हे रकाने सोडू नका. स्टार्टमधून विन आणि लॉसची बेरीज वजा करा, म्हणजे निकाल त्याच्या नावावर न लागलेले सामने साधारण कळतात. मग एकूण इनिंगला स्टार्टने भागा. १९६८ च्या डेनी मॅक्लेनचे ३१-६ (आधी विन, मग लॉस), ४१ स्टार्ट, ३३६ इनिंग, म्हणजे दर सामन्यात आठच्या वर. त्यानंतर एका मोसमात ३० कुणालाच जमले नाहीत. १९९० चा बॉब वेल्च २७-६, ३५ स्टार्ट, पण सरासरी सातपेक्षाही कमी. उरलेलं राखायला डेनिस एकर्सली होता, ४८ सेव्हवाला, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखलेले ४८ सामने. त्याच वर्षी रॉजर क्लेमन्सचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढा चांगला) १.९३ आणि वेल्चचा २.९५, तरी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार वेल्चला. २०१८ पर्यंत मतदार सुधारले. जेकब डिग्रॉमचे विन फक्त १०, ईआरए १.७०, आणि पुरस्कार त्यालाच. त्याच्या ३२ पैकी १३ सामन्यांत निकाल त्याच्या नावावर लागलाच नाही.

आज पाच पिचर आळीपाळीने टाकतात, वाट्याला ३३ च्या आसपास स्टार्ट येतात. सगळे जिंकले तरी चेस्ब्रो ८ ने पुढेच.

विनचा सर्वोत्तम मोसम म्हणून माझी निवड १९७२ चा स्टीव्ह कार्लटन. फिलाडेल्फिया त्या वर्षी तळाला, एकूण विजय ५९. त्यातले २७ त्याचे. त्याचे विन आणि लॉस वगळले तर उरलेला संघ ३२-८७.