फिलॉक्टेटिस, म्हणजे ज्याला बेटावर टाकून दिलं तो

ट्रॉयचं युद्ध म्हटलं की अ‍ॅकिलिस, हेक्टर, हेलन आणि तो लाकडी घोडा, एवढीच मंडळी डोळ्यासमोर येतात. फिलॉक्टेटिस कोण विचारलं तर बहुतेकांची पाटी कोरी. होमर कवीने पण ट्रॉययुद्धाच्या इलियड या महाकाव्यात त्याला फार भाव दिलेला नाहीये. दुसऱ्या सर्गात जहाजांची ती लांबच्या लांब यादी येते ना, जी सगळे सरळ स्किप करतात, तिच्यात हा आहे. सात जहाजं, प्रत्येकावर पन्नास वल्हेकरी, सगळे पट्टीचे धनुर्धर, आणि नायक मात्र गायब, कारण तो लेम्नॉस बेटावर सापाच्या जखमेने तळमळत पडलाय. लवकरच ग्रीकांना त्याची आठवण होणार होती, असं एका ओळीत सांगून होमर पुढच्या जहाजाकडे वळतो.

तर हा ग्रीसमधल्या थेसली भागातल्या मेलिबियाचा, पोयास राजाचा मुलगा. हेलनशी लग्न करायला जे ढीगभर राजे आले होते त्यांच्या काही याद्यांमध्ये याचंही नाव सापडतं, म्हणजे हेलनच्या नवऱ्यावर वेळ आली तर सगळ्यांनी मदतीला जायचं ही शपथ याच्याही गळ्यात. पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याचं धनुष्य, जे मुळात हर्क्युलिसचं होतं. हर्क्युलिसला बायकोने दिलेला झगा विषारी निघाला (तिला बिचारीला वाटत होतं की हे प्रेम टिकवायचं औषध आहे), कातडी सोलून निघायला लागली, तेव्हा त्याने ओएटा पर्वतावर स्वतःची चिता रचून घेतली आणि वर चढून बसला. आता पेटवणार कोण? कोणाचाच हात होईना. फिलॉक्टेटिस पुढे झाला आणि त्याने आग लावली, काही कथांमध्ये त्याच्या बापाने लावली असं आहे. त्याचं बक्षीस म्हणून ते धनुष्य आणि हायड्राच्या, म्हणजे हर्क्युलिसने मारलेल्या अनेक डोक्यांच्या सापाच्या, विषात बुडवलेले बाण मिळाले. ज्या विषाने हर्क्युलिस मेला ते पण फिरून फिरून हायड्राचंच बरं का, त्याच्याच बाणाने मेलेल्या नेसस नावाच्या अर्ध्या माणसाच्या, अर्ध्या घोड्याच्या रक्तातून झग्याला लागलेलं.

मग युद्धाला निघाल्यावर वाटेत साप चावला. कुठे, यावर एकमत नाही. कोणी म्हणतं टेनेडॉस बेटावर यज्ञ चालू असताना, ग्रीक नाटककार सोफोक्लिस म्हणतो क्रायसे नावाच्या देवतेच्या जागेची राखण करणारा साप होता. मला यातली सगळ्यात आवडती आवृत्ती उशिराची, रोमन काळातली आहे. तिच्यात साप नाहीच. हर्क्युलिसची राख कुठे पुरली ते कोणाला सांगणार नाही अशी शपथ फिलॉक्टेटिसने घेतलेली असते, लोक फारच मागे लागतात तेव्हा तो तोंडाने काही बोलत नाही, फक्त त्या जागेवर पाय आपटून दाखवतो. म्हणजे शपथ मोडली पण नाही आणि मोडली पण. आणि नंतर तोच विषारी बाण हातातून निसटून नेमका त्याच पायावर पडतो!

काहीही असो, जखम चिघळली, एवढा वास यायला लागला की जवळ कोणाला उभं राहवेना, आणि हा रात्रंदिवस ओरडतोय. देवाच्या पूजेला शांतता लागते, हा ओरडून विचका करतो, असं कारण पुढे केलं गेलं आणि अ‍ॅगमेम्नॉन-मेनेलेअस (ग्रीकांचा सेनापती आणि त्याचा भाऊ, म्हणजे हेलनचा नवरा) यांच्या हुकमावरून ओडिसियस या ग्रीक राजाने त्याला लेम्नॉसवर उतरवून दिलं. सोफोक्लिसच्या नाटकात तर तो झोपलेला असताना सोडून जातात, शेजारी थोड्या चिंध्या आणि थोडं खाणं ठेवून. जाग आल्यावर बघतो तर सगळी जहाजं गेलेली.

आता मला इथे एक गोष्ट कायम खटकते. लेम्नॉस काही जगाच्या टोकाला नाहीये. नकाशा उघडून बघा, ट्रॉयपासून साधारण ७० किलोमीटर. आणि त्याच इलियडमध्ये सातव्या सर्गात लेम्नॉसवरून वाइनने भरलेली जहाजं ग्रीकांच्या छावणीत येतात, सैनिक तांबं, लोखंड, कातडी, बैल देऊन वाइन घेतात आणि रात्रभर खातात-पितात. अ‍ॅकिलिसने ट्रॉयचा राजा प्रायम याचा एक मुलगा पकडला होता तो पण लेम्नॉसलाच नेऊन विकला. म्हणजे धंदा चालू, येणंजाणं चालू, आणि आपला एक माणूस त्याच बेटावर पाय घासत पडलाय हे सगळ्यांना पक्कं माहीत. एकालाही वाटलं नाही की बाबा जाऊन बघून तरी यावं? मला यांचा खरा गुन्हा त्याला उतरवून दिलं तो वाटत नाही, वासाने जीव नकोसा झाला असेल ते मी समजू शकतो, पण नंतरची दहा वर्षं कोणी मागे वळून बघितलं नाही ते काही माफ करण्यासारखं नाहीये.

ही अडचण सोफोक्लिसच्या लक्षात आली असावी, कारण त्याने सरळ लेम्नॉस निर्मनुष्य करून टाकलं. नाटक इ.स.पू. ४०९ सालचं, त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि तेव्हा म्हातारा ऐंशी पार करून बराच पुढे गेला होता. याच विषयावर ईस्किलस आणि युरिपिडीसनेही नाटकं लिहिली होती पण ती हरवली, तुकडे तेवढे उरलेत. सोफोक्लिसचं अख्खं हाताशी आहे आणि त्यातली ती गुहा अगदी डोळ्यासमोर उभी राहते. दोन तोंडांची गुहा, थंडीत दोन्हीकडून ऊन येतं आणि उन्हाळ्यात वारा खेळतो, खाली झरा. आत पाल्यापाचोळ्याचं अंथरूण, कोणीतरी अडाण्याने कोरल्यासारखा लाकडी पेला, आग पाडायचे दगड, आणि बाहेर उन्हात वाळत घातलेल्या पू लागलेल्या चिंध्या. बस, दहा वर्षांचा संसार. तो कबुतरं मारायचा आणि पडलेलं पाखरू आणायला तो पाय ओढत ओढत जायचा. कधीमधी एखादं जहाज लागायचं, लोक हळहळायचे, थोडं अन्न, एखादा कपडा द्यायचे, पण घरी सोडतो म्हटलं की सगळ्यांना काम आठवायचं.

कळ आली की तो रंगमंचावर चक्क ओरडतो. अपप्पपाय, पापा पापा पापा पापाय, असं ओळभर नुसतं ओरडणं लिहिलंय. राजा आहे, वीर आहे, तरी लाज नाही.

मग ग्रीकांना तो एकदम का आठवला? तर हेलेनस नावाचा ट्रॉयचा ज्योतिषी त्यांच्या हाती लागला आणि त्याने सांगून टाकलं की हर्क्युलिसच्या बाणांशिवाय ट्रॉय पडणार नाही. झालं, गरजवंताला अक्कल नसते. आणायला कोण निघालं तर ओडिसियस, ज्याने टाकून दिलं तोच! स्वतः समोर गेला तर बाण छातीत बसणार हे माहीत असल्यामुळे तो अ‍ॅकिलिसच्या कोवळ्या पोराला, नीओप्टोलेमसला पुढे करतो. पोराने म्हणायचं की मलाही या लोकांनी फसवलं, बापाची शस्त्रं दिली नाहीत, मी चाललो घरी. फिलॉक्टेटिस विरघळतो, कळ येते तेव्हा विश्वासाने धनुष्य पोराच्या हातात देतो आणि झोपतो. जागा झाल्यावर बघतो तर पोरगा धनुष्य घेऊन पळालेला नाही, तिथेच आहे, पण आता त्याला स्वतःचीच शरम वाटायला लागलीये. आधी खरं काय ते सांगतो, आणि शेवटी ओडिसियस आडवा येत असतानाही धनुष्य परत देऊन टाकतो.

आणि एवढं होऊनसुद्धा फिलॉक्टेटिस म्हणतो, मी येणार नाही!! पाय बरा होईल, ट्रॉय जिंकल्याचं नाव होईल, सगळं समोर दिसतंय, तरी नाही म्हणजे नाही, त्या लोकांची तोंडं बघायची नाहीत. भरपूर जणांना हा हट्टीपणा वाटतो, मला अजिबात वाटत नाही. शेवटी वरून हर्क्युलिस प्रकट होतो आणि जा म्हणतो, तेव्हा तो तयार होतो. हा शेवट मला जरा चिटिंग वाटतो, पण दुसरं करणार तरी काय, ट्रॉय पडायलाच हवं होतं. २००८ पासून अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांसमोर या नाटकातले प्रसंग वाचून दाखवायचा उपक्रम चालू झाला, त्यात नवल काहीच नाही.

पुढचं पटापट. अ‍ॅस्क्लेपियस या वैद्यकीच्या देवाच्या मुलांपैकी एकाने पाय बरा केला, कोणी मॅकाऑन म्हणतं कोणी पोडालिरियस. फिलॉक्टेटिसने बाण मारला तो पॅरिसला, ज्याने हेलनला पळवून नेल्यामुळे हे सगळं सुरू झालं. गंमत म्हणजे लेम्नॉसची लाल माती औषधी म्हणून पुढे शेकडो वर्षं प्रसिद्ध होती, गेलन वैद्य स्वतः ती बघायला बेटावर गेला होता, आणि फिलोस्ट्रेटस नावाचा लेखक तर लिहितो की फिलॉक्टेटिस त्या मातीनेच लगेच बरा झाला.

युद्धानंतर काय झालं, तर होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्यात म्हातारा राजा नेस्टर सांगतो की तो सुखरूप घरी पोचला. नंतरच्या कथा मात्र त्याला थेट दक्षिण इटलीत नेतात, तिथे पेटेलिया वगैरे गावं त्याने वसवली म्हणतात. ते बाण त्याने अपोलोच्या देवळात ठेवले, पण तिथेही कोणी राहू दिले नाहीत, तिथल्याच क्रोटोन शहराच्या लोकांनी उचलून आपल्या देवळात नेले अशी एक नोंद आहे. आणि ओडिसियस? तो ओडिसीत परतीच्या वाटेवर भेटलेल्या फिएशियन लोकांसमोर छाती फुगवून सांगतो की ट्रॉयला धनुष्यात माझ्यापेक्षा भारी फक्त फिलॉक्टेटिस होता. त्याला बेटावर कोणी सोडलं होतं ते काही सांगत नाही.