मग आयोडीन दिलं का?

ह्यांच्या गळ्यावरचा व्रण पाहिला की विचारतातच, ‘थायरॉइडचा कॅन्सर ना? मग आयोडीन दिलं का?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही दिलं. गाठ थायरॉइडमध्ये होती, पण थायरॉइडची नव्हती. किडनीची होती.

शर्टाचं वरचं बटण लागेना, तेव्हा आम्ही कापड आटलं म्हणून दुकानदाराला बोल लावला. पुढे गाठ हातालाच लागली. डॉक्टरांनी विचारलं, ‘पूर्वी काही ऑपरेशन?’ हे म्हणाले, ‘छे!’ अकरा वर्षांपूर्वी डावी किडनी कॅन्सरच्या गाठीसकट काढलेली, पण ह्यांच्या लेखी ते प्रकरण कधीच मिटलेलं. मी कोपरखळी मारली तेव्हा कुठे आठवलं.

किडनीचा कॅन्सर असा दहा-वीस वर्षांनीही डोकं वर काढतो. थायरॉइडमध्ये बाहेरून येऊन ऑपरेशनपर्यंत पोचणाऱ्या गाठींत त्याचाच नंबर पहिला. मग फुप्फुस, स्तन, मोठं आतडं. तरी एकूण हे प्रकरण विरळाच. या ग्रंथीला रक्त भरपूर, पण ते इतक्या जोरात वाहतं की कॅन्सरच्या पेशींना बूड टेकायला फुरसत मिळत नसावी, असं एक स्पष्टीकरण देतात.

सुईने तपासलं तर नुसतं रक्त आलं. मग जाड सुईने तुकडा घेतला. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं: पेशी आतून रिकाम्या, चुरमुऱ्यांसारख्या. त्यांच्यातली चरबी स्लाइड तयार करताना विरघळून जाते म्हणे. पॅक्स-८ नावाची खूण किडनी आणि थायरॉइड दोन्हीकडे उमटते, त्यामुळे तिच्यावर निवाडा होईना. थायरोग्लोब्युलिन म्हणजे थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन; त्याचा रंग मात्र अजिबात चढला नाही. माळ्यावरच्या फायलीतून किडनीच्या जुन्या स्लाइड काढून शेजारी लावल्या, तेव्हा शंका फिटली.

आता आयोडीनचं. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, म्हणून किरणोत्सारी आयोडीन त्यांना बरोबर गाठतं. किडनीच्या पेशी मानेत राहायला आल्या तरी त्यांना ती खोड लागत नाही. दिलं असतं तर फुकटच गेलं असतं.

स्कॅनमध्ये दुसरीकडे काही नव्हतं, म्हणून पूर्ण थायरॉइड काढली. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, दर काही महिन्यांनी स्कॅन. आणि आता दाताच्या डॉक्टरांनी जरी पूर्वीचं ऑपरेशन विचारलं, तरी हे पाचवीत काढलेल्या टॉन्सिलपासून सुरुवात करतात.