धूर लागलेली घरं

आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे निशी-कासाईला राहायला आली, तेव्हा पहिले पंधरा दिवस मी तिला तोक्योतलं सगळं ठरलेलं दाखवलं. आसाकुसाचं देऊळ झालं, स्कायट्री झालं, शिबुयाचा चौक झाला. तिनं सगळं मनापासून पाहिलं. एका रात्री तांदळाच्या भाकऱ्या थापताना मात्र म्हणाली, "हे सगळं बघितलं गं, पण इथली माणसं पूर्वी राहायची कशी, ते काही कळलं नाही."

तेव्हा मला निहोन मिंका-एन आठवलं. जपानीत मिंका म्हणजे साध्या माणसांची घरं. शेतकऱ्यांची, कोळ्यांची, छोट्या व्यापाऱ्यांची. देशभरातून अशी जुनी घरं उतरवून आणून तोक्योशेजारच्या कावासाकी शहरातल्या इकुता र्‍योकुची नावाच्या डोंगराळ बागेत पुन्हा उभी केली आहेत. एकूण २५ वास्तू आहेत. १९६७ साली हे संग्रहालय सुरू झालं. त्या काळात शहरं झपाट्यानं वाढत होती, खेड्यांतली माणसं कामासाठी बाहेर पडत होती आणि गवती छपरांची घरं भराभर पाडली जात होती. कावासाकीच्याच उत्तर भागातलं इतो घराण्याचं घर वाचवायच्या धडपडीतून पुढे हे अख्खं गाव उभं राहिलं.

पहिल्यांदा आम्ही सोमवारी गेलो आणि दार बंद. सोमवारी सुट्टी असते, हे मी आधी बघायला हवं होतं. आईचे गुडघे दुखतात, तिला एवढा प्रवास फुकट घडला याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून जाणाऱ्यांना आधीच सांगते, सोमवार टाळा, आणि थंडीत लवकर निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साडेचारलाच बंद होतं, शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी.

गुरुवारी पुन्हा निघालो. निशी-कासाईहून तोझाई लाइननं ओतेमाची, तिथून चियोदा लाइन. या लाइनच्या काही गाड्या योयोगी-उएहाराला न संपता पुढे ओदाक्यू या खासगी रेल्वेच्या रुळांवरून थेट मुकोगाओका-यूएन स्टेशनापर्यंत जातात. तशी गाडी मिळाली तर आईवडिलांना घेऊन पुन्हा जिने चढउतार करावे लागत नाहीत, म्हणून मी तीच धरली. स्टेशनापासून साधारण पंधरा मिनिटांची चाल आहे. आम्हाला पंचवीस लागली. तिकीट तेव्हा मोठ्यांना ५५० येन होतं.

दोन गोष्टी पायांबद्दल. एक, आतला रस्ता चढउताराचा आहे, थेट टेकडीवर जातो. दुसरी, ज्या घरांच्या आत जाता येतं तिथे प्रत्येक वेळी चपला-बूट काढावे लागतात. मी लेसचे बूट घालून गेले होते आणि दर दहा मिनिटांनी वाकत होते. आईच्या पायात साध्या चपला, आणि थंडी म्हणून मोजे. तिला काहीच अडचण आली नाही. "आपल्याकडे तरी घरात चपला घालून कोण जातं?" एवढंच म्हणाली.

दारातून आत गेल्यावर आधी एक दालन लागतं. घर कसं बांधत, खांब-तुळयांचे सांधे कसे बसवत, ते तिथे नमुन्यांसह मांडलेलं आहे. लोक घाईनं पुढे जातात, पण तिथे वीस मिनिटं काढावीत असं मला वाटतं. जुनं घर हलवताना त्याचं एकेक लाकूड सुटं करून त्यावर क्रमांक घालतात. खांबावरच्या रिकाम्या खाचा बघून इथे पूर्वी भिंत होती, इथे दार होतं, हे ओळखतात. मागच्या पिढ्यांनी केलेले बदल बाजूला ठेवून घर शक्य तितक्या मूळ रूपात उभं करतात. आईचे वडील सुतारकाम करायचे. एका सांध्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत गेलेली, वरून लाकडाचीच पाचर. कुठेही खिळा नाही. "बाबा असंच करायचे," म्हणाली, आणि काचेपलीकडच्या त्या पाचरीकडे बोट करून मला पाचर कुठून ठोकायची ते दाखवलं.

पुढे रस्त्याकडेची घरं लागतात. घोड्यांच्या व्यापाऱ्यांचं उतरायचं घर, व्यापाऱ्याचं दुकान. नागानोकडच्या मिसावा घराचं छप्पर फळ्यांचं आणि त्यावर ओळीनं दगड ठेवलेले. वाऱ्यानं फळ्या उडू नयेत म्हणून. आमच्या गावात गोठ्याच्या पत्र्यावर असेच दगड असतात, त्यामुळे आईला त्यात नवल वाटलं नाही, ओळख वाटली. पाणचक्कीजवळ मात्र ती थबकली, कारण तिला जात्याची सवय, आणि हे काम पाणी करतंय.

मग ती उंच घरं आली. तोयामातलं गोकायामा आणि गिफूतलं शिराकावा इथली. छप्पर इतकं उभं की दोन्ही बाजू नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या दिसतात. जपानीतही त्यांना गाश्शो-झुकुरी म्हणतात, गाश्शो म्हणजे जोडलेले हात. तिकडे बर्फ फार पडतो, छप्पर आडवं असतं तर बर्फाच्या भारानं बसलं असतं. मोठमोठे वासे दोरांनी आणि कोवळ्या झाडांच्या पिळलेल्या फांद्यांनी बांधलेले असतात. वर माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. गोकायामात तर जमिनीखाली खड्डे करून गवत, माती आणि किड्यांची विष्ठा कुजवून सोरा बनवत. तो बंदुकीच्या दारूसाठी कागा प्रांताच्या सरदाराकडे जायचा. गावाकडच्या या शांत घरांच्या पोटात असला उद्योग चालायचा, हे वाचून मी दोनदा खाली पाहिलं.

यांतल्या यामाशिता घराच्या माळ्यावर जाता येतं. आई खालीच थांबली, मी चढले. वर अंधार, आणि गवताचा, जुन्या काजळीचा वास. दोर काळे पडून चामड्यासारखे दिसत होते. याच घरात खाली सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, मिळतो. गुरुवार असल्यामुळे आईचा दत्ताचा वार, आणि सोबाच्या रसात सुक्या माशाचा अर्क असतोच. शाकाहारी माणसांनी हे लक्षात ठेवावं. आम्ही घरून थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं, ते बाहेर बाकावर बसून खाल्लं.

आईसाठी त्या दिवसाचं खरं घर पुढे होतं. संग्रहालयाचे स्वयंसेवक इथल्या घरांमध्ये आलटून पालटून चूल पेटवतात. चूल म्हणजे इरोरी, खोलीच्या मधोमध जमिनीतच केलेली चौकोनी आगटी. आम्ही वळणावरून आलो तेव्हा एका घराच्या गवतातून धूर झिरपत होता. धुराडं कुठेच नाही, सगळ्या छपरातूनच वाफ निघावी तसा धूर. आई माझा हात सोडून पुढे गेली.

आत मातीची जमीन, तिला ते लोक दोमा म्हणतात. मग लाकडी पाटाची उंच जागा आणि तिथे आगटी. राख चाळणीतून काढल्यासारखी बारीक आणि लाकडी फणीनं रेघा ओढून सपाट केलेली. चार ओंडके टोकं मध्ये करून ठेवलेले, टोकं तेवढी जळत होती, मागचा भाग हातानं पुढे सरकवायचा. वरून आकडा लोंबत होता, त्याला किटली. आकड्याच्या मध्यावर लाकडाचा मासा. तो मासा तिरका केला की किटली वर-खाली करता येते. त्याच्याही वर लाकडाची जाळी टांगलेली. ठिणगी छपरापर्यंत जाऊ नये म्हणून ती असते, आणि तिच्यावर काही वाळवायलाही ठेवतात. आई वर बघून म्हणाली, "आपल्या चुलीवर असंच बांबूचं टांगलेलं होतं. आजी त्यावर कोकमं ठेवायची, पावसात काड्यापेटीसुद्धा."

आगटीशी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. त्यांच्या बाजूला बांबूची एक नळी. आईनं ती पाहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "फुंकणी!" आणि गाल फुगवून फुंकून दाखवलं. ते हसले, नळी उचलून म्हणाले, "हिफुकिदाके." दोघांनी एकमेकांचा शब्द एकेकदा म्हणून पाहिला. मग आई माझ्याशी बोलावं तशी त्यांच्याशी मराठीत बोलायला लागली, त्यांना दादा म्हणून. मी फोनवरच्या भाषांतरानं मध्ये मध्ये मदत करत होते, पण बरंचसं माझ्याशिवायच चाललं होतं.

मी विचारलं, रोज आग का लावता? पाहुण्यांना दाखवायला? ते म्हणाले, ते आहेच, पण मुख्य काम छपराचं. धुरानं गवत कोरडं राहतं, किडे येत नाहीत, काजळीचा थर बसतो, दोर टिकतात. आग बंद केली की गवत लवकर कुजतं. मी ते आईला मराठीत सांगितलं. ती गप्प झाली.

आमचं देवरुखजवळचं घर आजी गेल्यापासून बंद आहे. सात वर्षं झाली. कौलारू आहे, मातीच्या भिंती, आत लाकडी माळा. दर मे महिन्यात शाकारणी करून घेतो, पैसे पाठवतो, आणि तरीही गेल्या वर्षी माजघराच्या वाश्याला वाळवी लागली. दोन वासे बदलले. आई त्या दादांना म्हणाली, "आमच्या घरात चूल नाही पेटत आता." हे मी भाषांतर करून दाखवलं. त्यांनी फोनकडे पाहिलं, मान हलवली, आणि एक ओंडका बोटभर पुढे सरकवला.

आम्ही तिथे जवळजवळ पाऊण तास बसलो.

बाकीचं त्यामानानं लवकर पाहिलं, पण दोन घरं सांगायलाच हवीत. हादानोमधून आणलेलं कितामुरा घर. त्याच्या एका खांबाच्या कुसावर, म्हणजे सांध्यात जाणाऱ्या जिभेवर, शाईनं लिहिलेलं सापडलं, त्यावरून ते १६८७ सालचं असल्याचं कळलं. आपल्याकडे तेव्हा संभाजी महाराजांचं राज्य. त्याच्या मोठ्या खोलीची जमीन बांबूच्या कांबींची आहे, आई त्यावर हात फिरवून म्हणाली, "गार असेल उन्हाळ्यात." आणि इबाराकीतलं ओता घर. त्याला दोन छपरं शेजारी शेजारी आहेत, मध्ये पन्हळ. राहायची जागा एका छपराखाली, चुलीची मातीची जागा दुसऱ्या. १९९० साली या घराला आग लागली होती, नंतर ते पुन्हा उभारलं. गवती घरांच्या देशात ही भीती कायमचीच. नाराच्या होर्‍यू-जी देवळात २६ जानेवारी १९४९ ला आग लागून भिंतीवरची चित्रं जळाली, त्याची आठवण म्हणून १९५५ पासून दर वर्षी त्या दिवशी जपानभर जुन्या वास्तूंवर आग विझवायचा सराव करतात. ज्या आगीनं घर टिकतं तिच्यावर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवावा लागतो. रोज कुणीतरी तिथे येऊन बसतं, म्हणून ती चालू ठेवता येते.

इवातेहून आणलेलं कुदो घर काटकोनात वळलेलं आहे, एका हाताला माणसं, दुसऱ्या हाताला घोडे, एकाच छपराखाली. आईनं गोठ्याची बाजू आधी पाहिली, मग माणसांची.

शेवटी पश्चिम दाराजवळच्या कारखान्यात रुमाल निळीत रंगवला. वेळ कमी होता, पण आईनं हट्ट धरला. पांढऱ्या कापडाला रबर बांधायचे, हौदात बुडवायचं, हळूहळू दाबत राहायचं. बाहेर काढलं तेव्हा कापड हिरवट पिवळं. आईला वाटलं बिघडलं. मग हवा लागली, आणि तिच्या हातातच कडेपासून निळं चढत गेलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा हवा. रबर सोडल्यावर पांढरी वर्तुळं उमटली. ओला रुमाल तिनं गाडीत मांडीवर पसरून आणला.

घरी पोचलो तेव्हा साडेसात झाले होते, म्हणजे भारतात चार. आईनं स्वेटर काढला, नाकाशी धरला, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून गावाकडे फोन लावला. आमच्या घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते.

"वहिनी, उद्यापासून आठवड्यातून दोनदा तरी आमच्या चुलीत आग घाल. हो, स्वयंपाक नाही करायचा, नुसती आग. धूर वर जाऊ दे. माजघराची दारं लावून घे, माळ्याची खिडकी तेवढी किलकिली ठेव. आणि बघ, बाजूला बादली भरून ठेव, आग विझल्याशिवाय हलू नको."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"आंब्याची घाल. मागच्या पडवीत रचलेली आहेत, कोपऱ्यातली आधी घे, ती वाळलेली. ओली घालू नको, डोळे चुरचुरतील तुझे. आणि तो लोखंडी आकडा भिंतीवर आहे ना, तो काढून ठेव, मी आले की बघते."