वरामावरचे नांगर

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी माडांना खत घालत होतो. हात धुऊन लगेच बसलो. पण शाळेबद्दल काहीही लिहायला घेतलं की मराठीचे सर आडवे येतात. त्यांचं नाव लिहीत नाही. 'मराठीचे सर' म्हटलं की आपल्या पिढीत दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणिताच्या बाईंनी मला काठावर का होईना पास केलं, ते उपकार मी विसरलेलो नाही.

मी कोर्लईचा. साळावचा पूल तेव्हा नव्हता. तरीच्या होडीनं कुंडलिकेची खाडी ओलांडून यायचं, आणि तर चुकली की पहिला तास वर्गाबाहेर. आमच्या घरची भाषाही वेगळी. तिला आम्ही नो लिंग म्हणतो, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज आणि मराठीच्या घुसळणीतून झालेली. १७४० साली पोर्तुगीज इथून गेले, आमची माणसं मात्र चर्च आणि भाषा धरून राहिली. आई रागवायची नो लिंगमध्ये आणि संध्याकाळी प्रार्थना करायची मराठीत. वर्गात ख्रिस्ती आम्ही दोघं-तिघंच होतो. कोणी कधी वाईट वागवलं नाही, पण आपण होऊन आपलं काही सांगावं, असंही कधी वाटलं नाही.

१९७७ साली मी नववीत होतो. सरांचा शनिवारी अवांतर वाचनाचा तास असे. एका शनिवारी त्यांनी सांगितलं, की घरात जे पुस्तक असेल त्यातला समुद्राचा एखादा उतारा पुढच्या वेळी आणा. आमच्या घरात पुस्तक एकच. बाबा मुंबईला गोदीत कामाला होते, त्यांनी आणलेलं जुनं मराठी बायबल. ते वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात घातलं आणि माझा नंबर येऊ नये म्हणून मनातल्या मनात विनवण्या केल्या. नंबर आलाच.

मी ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या गलबताची गोष्ट काढली होती. त्याला कैदी म्हणून रोमला नेत असतात, वाटेत वादळ लागतं, चौदा रात्री गलबत भरकटतं. माणसं दोनशे शहात्तर. खलाशी खोली मोजायला पाण्यात बुडीद टाकतात. वीस वाव भरतात, मग पंधरा वाव. 'वाव' म्हटल्याबरोबर थेरोंड्याची कोळ्यांची पोरं मान वर करून बघायला लागली. तोवर ती बाकाखाली काहीतरी खेळत होती. पुढे खडकाच्या भीतीनं खलाशी वरामावरून, म्हणजे गलबताच्या मागच्या टोकावरून, चार नांगर टाकतात, तिथपर्यंत मी आलो आणि माझ्याच बाकावरचा मित्र उभा राहिला.

"सर, ह्ये चुकीचं हाय. नांगर नाळेवरशी टाकतान. वरामावरशी कोन टाकतंय?"

वर्ग हसला. माझे कान तापले. आमच्या देवाच्या पुस्तकात चूक निघाली आणि तीही मी वाचत असताना! सर एरवी कोणाला अडू देत नसत. त्या दिवशी त्यांनी खडू खाली ठेवला, चष्मा काढला, थोडा वेळ आम्हा दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही. पुस्तक चुकलंय की हा चुकलाय, ते सोमवारी सांगतो. तोपर्यंत पुढचं कोणी वाचायचं नाही."

सर पक्के दत्तभक्त. चौलच्या दत्ताची जत्रा त्यांनी कधी चुकवली नाही. तरी रविवारी दुपारच्या उन्हात ते सायकलनं थेरोंड्याच्या बंदरावर गेले आणि जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारून आले. ही बातमी मित्रानंच सोमवारी शाळा भरायच्या आत सगळीकडे पसरवली.

सोमवारी सरांनी फळ्यावर गलबत काढलं. चित्रकला बेताचीच, गलबत पडवळासारखं दिसत होतं. म्हणाले, एरवी नांगर नाळेवरूनच, म्हणजे पुढच्या टोकावरूनच टाकतात, आपला मित्र बरोबर आहे. पण रात्र आहे, वारा मागून आहे आणि पुढे खडक. आता नाळेवर नांगर टाकला तर गलबत गरकन फिरणार आणि फिरताना खडकावर बसणार. वरामावर टाकलं की ते तिथंच थांबतं, तोंड किनाऱ्याकडेच राहतं. उजाडल्यावर रेती कुठं आहे ते बघायचं, दोर कापायचे, शीड चढवायचं आणि सरळ आत घालायचं. "नांगर?" मित्रानं विचारलं. "ते गेले. तांडेल म्हणाला, जीव वाचवायचा तर ते परत मिळणार नाहीत असं धरूनच टाकायचे."

मग मला म्हणाले, "आता पुढचं वाच."

मी वाचलं. पुढे तसंच होतं. नांगर कापून समुद्रात सोडले, पुढचं शीड वाऱ्यावर धरलं आणि किनाऱ्याकडे निघाले. त्या म्हाताऱ्यानं ते पुस्तक कधी हातात धरलेलं नव्हतं. वर्गात कोणी हसलं नाही. मागच्या बाकांवर त्या दिवसापासून सरांचं नाव तांडेल पडलं. ते सरांनाही ठाऊक असणार.

त्याआधी बायबल आमच्या घरात होतं, इतकंच. ते लक्ष देऊन वाचायचं असतं, हे मला चौलच्या दत्ताच्या भक्तानं शिकवलं. आमच्या फादरना हे मी नंतर सांगितलं तेव्हा ते मोकळेपणानं हसले.

पुढे मुंबईला नोकरी, लग्न, एक मुलगी. मुलगी आज मुंबईत स्टाफ नर्स आहे आणि कोविडच्या दोन वर्षांत तिनं एकही पाळी चुकवली नाही, हे इथे लिहायचा मोह आवरत नाही. पण मधली काही वर्षं वाईट गेली. कंपनी बंद पडली. मग बायकोचं मूत्रपिंडाचं दुखणं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि २००७ च्या पावसाळ्यात ती गेली. मी मुलीला घेऊन कोर्लईला परत आलो आणि मिस्साला जाणं सोडून दिलं. देवाशी भांडण होतं असंही म्हणवत नाही. भांडायलाही समोर कोणीतरी असावं लागतं. लोक घरी येऊन समजूत घालायचे, मी चहा द्यायचो.

मित्रानं सरांच्या कानावर घातलं असणार. एक दिवस पोस्टकार्ड आलं, तेच वळणदार अक्षर. मायना, आशीर्वाद आणि खाली तीन ओळी: "नांगर किती टाकलेस? चारही टाकले असशील तर आता उगाच हातपाय मारू नकोस. उजाडेपर्यंत थांब."

सांत्वनाचा एक शब्द नव्हता. मी ओट्यावर बसून खरंच मोजायला लागलो. आईबरोबरची संध्याकाळची प्रार्थना: माझे नुसते ओठ हलायचे, पण बसायचो. मुलीचा सकाळचा डबा. रविवारी चर्चच्या बाहेर पायरीवर बसायचो, आतली गाणी संपली की उठायचो; तो तिसरा. चौथा काही सापडेना. तो बहुधा त्या कार्डाचाच असावा. दीड-एक वर्षानं एका रविवारी पाऊस आला आणि पायरीवर भिजण्यापेक्षा म्हणून आत गेलो. यापेक्षा मोठं काही घडलं नाही. विश्वास पूर्वीसारखा झाला असंही नाही. पूर्वी मागायचो पुष्कळ, आता तेवढं मागत नाही.

२०२० साली टाळेबंदीत चर्चचं दार बंद, ईस्टर घरातच. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमचे सात माड आणि अर्धं छप्पर गेलं, वीज किती दिवस नव्हती ते मोजणंच सोडलं. सर तोवर राहिले नव्हते. वादळाच्या आदल्या संध्याकाळी मित्राचा फोन आला. तो आता स्वतःच तांडेल आहे. होड्या खाडीत आत घेतल्या म्हणाला. मी विचारलं, नांगर कुठनं टाकलेस? त्यानं मला एक अस्सल कोळी शिवी दिली आणि फोन ठेवला.

परवा शाळेत येऊन गेलो. स्लॅबची इमारत देखणी झाली आहे, पण तरीची वाट बघत आम्ही ज्या सुरूंखाली उभे राहायचो ते उरले नाहीत. मराठी माध्यमाची एकच तुकडी राहिली आहे म्हणे. अवांतर वाचनाचा तास वेळापत्रकात दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, पोर्शनच संपत नाही. असेल. मी रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतो, तिथे पडवळासारखं गलबत मात्र न चुकता काढतो.

समितीनं सरांचा फोटो मागितला आहे. माझ्याकडे फोटो नाही, ते पोस्टकार्ड आहे. बायबलात त्याच पानावर ठेवलेलं असतं. वादळात छपरातून पाणी आलं तेव्हा शाई पसरली, तरी 'नांगर किती' एवढं वाचता येतं. छापायला पाठवत आहे. काम झालं की जपून परत करावं.